काटा १० वर आला म्हणून लगेच इंजिन खोलू नका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. १९६५ ची एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. थंड इंजिन सुरू केलं की ऑइल प्रेशर ६० पीएसआय (दर चौरस इंचाला ६० पाउंड). नीट तापल्यावर ३००० आरपीएमला ४५ च्या आसपास, आणि सिग्नलला थांबलात की काटा १० वर, कधी ८ वर. गेल्या वर्षी याच परिस्थितीत तो १८ ते २० दाखवायचा. एकाने जाड ऑइल टाकायला सांगितलं, दुसऱ्याने रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग ताणायला, आणि तिसऱ्याने सरळ इंजिन खोलायला. तिघांपैकी कोणाचं ऐकायचं?

सध्या कोणाचंच नाही. तिघंही काटा वर कसा न्यायचा ते सांगताहेत. तो खाली का आला, हे कोणी विचारलेलं दिसत नाही. माझ्या मते तुमच्या मजकुरात कळीची गोष्ट आहे ती १८-२० वरून १० वर झालेली घसरण. १० हा आकडा नुसता पाहिला तर घाबरण्यासारखा नाही. एमजीबीच्या मॅन्युअलात आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन हळू चालू असताना, १० ते २५ आणि चालत्या गाडीला ५० ते ८० असं दिलेलं आहे, म्हणजे तुम्ही खालच्या काठावर, किंवा त्याच्या जरा खाली आहात. पण जी गाडी वर्षानुवर्षं १८ दाखवत होती ती एका वर्षात १० वर आली, तर काहीतरी बदललंय. ते प्रेशर दाखवणाऱ्या गेजमध्ये असेल, ऑइलमध्ये असेल, व्हॉल्व्हमध्ये असेल किंवा बेअरिंगमध्ये. यातल्या पहिल्या तीन गोष्टी इंजिन न खोलता तपासता येतात. म्हणून क्रमही तोच ठेवायचा.

आधी एक गैरसमज दूर करतो, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहील. पंप प्रेशर तयार करत नाही. तो प्रत्येक फेऱ्याला ठरावीक माप ऑइल पुढे ढकलतो, एवढंच. प्रेशर ठरतं ते त्या ऑइलला बाहेर पडायला वाट किती अरुंद आहे यावर. ठिबकची नळी आठवा. सगळी छिद्रं सारखी बारीक असतील तर शेवटच्या रोपापर्यंत पाणी पोचतं. मधलं एखादं छिद्र मोठं झालं की तिथे चिखल होतो आणि टोकाची रोपं सुकतात. इंजिनात ही छिद्रं म्हणजे क्रँकशाफ्टला आधार देणारी मेन बेअरिंग, कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाची बेअरिंग म्हणजे बिग एंड, कॅमशाफ्टचे बुश आणि रॉकर शाफ्ट. गेज त्या नळीला एकाच जागी लावलेलं असतं. त्यामुळे कुठेतरी गळती वाढली, एवढंच ते सांगू शकतं.

ही गळती वाढते कशी, ते पाहिलं की बेअरिंगच्या बाबतीत लोक एवढे हळवे का असतात ते कळतं. बारीक फटीतून वाहणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फट दुप्पट झाली की गळती आठपट. शाफ्टच्या दर इंच व्यासाला सुमारे १ थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हा जुन्या इंजिनांसाठी चालत आलेला हिशेब आहे. दोन इंचाच्या जर्नलला, म्हणजे शाफ्टच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला, दोन थाऊ फट असेल तर उत्तम. ती तीन झाली तर डोळ्यांना काहीच दिसणार नाही, पण गळती तिपटीहून जास्त झालेली असेल.

दुसरा खेळाडू ऑइलचा पातळपणा. एसएई ३० ऑइलची १०० अंश सेल्सिअसला स्निग्धता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, आणि एसएई ५० ची १६.३ ते २१.९. पण हेच ऑइल ४० अंशांना त्याच्या कितीतरी पट घट्ट असतं. म्हणून थंड इंजिनात झिजलेली बेअरिंगसुद्धा छान प्रेशर दाखवतात. थंड इंजिनातले ६० पीएसआय बेअरिंगबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत.

तिसरा रिलीफ व्हॉल्व्ह. तुमच्या इंजिनात तो सुमारे ७० पीएसआयला उघडतो आणि जादा ऑइल परत संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, सोडतो. हा फक्त कमाल मर्यादा ठरवतो. आयडलला १० पीएसआय असताना तो पूर्ण बंद असायला हवा. म्हणून स्प्रिंग ताणून किंवा तिच्यामागे वॉशर घालून आयडलचं प्रेशर वाढत नाही. बंद दार आणखी घट्ट लावलं म्हणून घरात काय फरक पडणार? मात्र दार नीट लागतच नसेल, तर गोष्ट वेगळी. तिकडे येतोच.

आता कामाला लागू. सगळ्यात आधी काट्यावरच संशय घ्या. साठ वर्षांची गाडी म्हणजे गेजही कदाचित साठ वर्षांचं. त्याच्या आत बूर्दाँ नळी असते. फ्रान्सच्या युजेन बूर्दाँने तिचं पेटंट १८४९ मध्ये घेतलं, आणि तत्त्व आजही तेच आहे: प्रेशर आलं की वाकडी नळी थोडी सरळ होते आणि काटा ओढते. इतक्या वर्षांत ती थकते, काट्याचे दाते झिजतात, गेजकडे जाणाऱ्या बारीक नळीत गाळ बसतो. माझ्याकडे आलेल्या कमी प्रेशरच्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांना मी गेजशिवाय दुसरं काही लावलेलं नाही. एका गृहस्थांनी तर माझ्याकडे येण्याआधी बेअरिंगचा संपूर्ण संच बदलून घेतला होता आणि काटा होता तिथेच होता. तपासणीचं चांगलं गेज लावलं तर आयडलला २२. त्यांचा चेहरा अजून आठवतो.

तेव्हा ० ते १०० पीएसआयचं, मोठ्या डायलचं यांत्रिक गेज घ्या आणि गाडीच्या गेजची लवचिक नळी ब्लॉकला जिथे जोडलेली आहे तिथे लावा. आटे जुळतील असा अडॅप्टर लागेल. नुसत्या टेपच्या भरवशावर वेगळे आटे बसवू नका, गरम ऑइलची पिचकारी उडेल. नळी एक्झॉस्टपासून लांब बांधा. मग चार नोंदी घ्या: थंड आयडल, थंड २५००, गरम आयडल, गरम ३०००. गरम म्हणजे पाण्याचा काटा मध्यावर आला तेव्हा नव्हे. पाणी लवकर तापतं, ऑइल मागून येतं. निदान अर्धा तास रस्त्यावर चालवून आणा आणि लगेच मोजा. आयडल किती आरपीएमला आहे तेही लिहा. कार्ब्युरेटरचा स्क्रू कोणी फिरवून आयडल ८५० वरून ६०० वर आणला असेल, तर नुसत्या तेवढ्यानेच काटा दोन-चार पीएसआय खाली येतो. मग आजार शोधत बसण्यात अर्थ नाही.

हे चार आकडे एकत्र वाचायचे असतात. थंड असताना सगळं ठीक, गरम आयडलला खूप कमी, पण रेस दिली की काटा चांगला वर चढतो: ही झिजलेल्या फटींची किंवा पातळ झालेल्या ऑइलची खूण. थंड-गरम, हळू-जोरात कुठेही प्रेशर धरतच नाही: व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, पंप गेलाय किंवा कुठली तरी वाट उघडी राहिलीय. सुरुवातीला चांगलं आणि जोरात चालवल्यावर वेग वाढवला तरी प्रेशर उलट पडतं: संपमधली पंपाची जाळी गाळाने भरलीय, पंपाला पुरेसं ऑइल ओढता येत नाही. काटा थरथरतो: पंप हवा ओढतोय, सक्शन पाइपला चीर असेल किंवा त्याचं गॅस्केट गेलं असेल. वळणावर किंवा ब्रेक मारताना डुबकी घेतो: आधी डिपस्टिक बघा, बाकी सगळं नंतर.

डिपस्टिकचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पातळी कमी असणं सगळे तपासतात, वाढलेली कोणी बघत नाही. ती न भरता वाढली असेल तर ऑइलमध्ये पेट्रोल किंवा पाणी जातंय. पेट्रोल वासावरून कळतं. थेंब बोटांत चोळून बघा, चिकटपणा गेलेला असेल. चोक पूर्ण परत जात नसेल तर जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून धुऊन खाली जातं आणि महिनाभरात चांगलं २०डब्ल्यू-५० ऑइल एखादी ग्रेड पातळ होतं. तुमच्या गाडीत एसयू कंपनीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप असेल तर एक सोपी परीक्षा आहे. इंजिन सुरू न करता नुसतं इग्निशन द्या. पंप टिकटिक करून दोन्ही फ्लोट चेंबर भरले की थांबायला हवा. तो थांबतच नसेल तर फ्लोटची सुई बसत नाहीये किंवा पेट्रोल कुठेतरी गळतंय. ज्या जुन्या गाड्यांत इंजिनावर बसवलेला डायफ्रॅमचा पंप असतो, तिथे डायफ्रॅम फाटला की पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये उतरतं, तिथे संशय पहिल्याच दिवशी घ्यावा.

तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही: या वर्षभरात ऑइल कोणतं भरलं? आधुनिक गाडीसाठी आणलेलं ५डब्ल्यू-३० उरलं म्हणून यात ओतलं असेल, तर उत्तर तिथेच संपलं. या इंजिनाला २०डब्ल्यू-५० मानवतं. शिवाय कॅम आणि टॅपेट घसटून चालणाऱ्या जुन्या इंजिनांना ऑइलमध्ये पुरेसं झिंक लागतं. आजच्या पुष्कळ ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं. हा प्रेशरचा मुद्दा नाही, पण डबा निवडतच आहात तर तेही बघून घ्या. नवं ऑइल, नवा फिल्टर, आणि पुन्हा तेच चार आकडे. फिल्टर बदलताना डबीच्या खोबणीतली जुनी रबर रिंग काढायला विसरू नका. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर सुरुवातीला काही होत नाही, पण नंतर रस्त्यात सगळं ऑइल बाहेर येतं. पेपर फिल्टरच्या खालची स्प्रिंग आणि वॉशर ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने परत गेले पाहिजेत.

आता व्हॉल्व्हकडे. तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय इथे आहे, आणि त्याला कारण आहे. थंड इंजिनात, घट्ट ऑइल असताना, रेस दिल्यावर काटा व्हॉल्व्हच्या मर्यादेला, म्हणजे ७० ला टेकायला हवा. तुम्ही ६० लिहिलंय. ते नुसत्या आयडलचं असेल तर गोष्ट वेगळी, म्हणूनच थंड २५०० ची नोंद हवी. पण तिथेही काटा ६० वरच अडला आणि गरम आयडलही पडलेलं असेल, तर दोन्ही गोष्टी एकाच कारणाने जुळतात: व्हॉल्व्ह आपल्या सीटवर नीट बसत नाही. थकलेली स्प्रिंग फक्त वरचा आकडा कमी करते. झिजलेली सीट किंवा मधे अडकलेला कचऱ्याचा कण मात्र सतत गळत राहतो, आयडललाही.

तुमच्या एमजीबीच्या बी-सिरीज इंजिनात हा व्हॉल्व्ह ब्लॉकच्या डाव्या बाजूला, मागच्या भागात, घुमटासारख्या षटकोनी नटाखाली असतो. इंजिन थंड असताना नट खोला, स्प्रिंग बाहेर येईल. तिची मोकळी लांबी ३ इंच, म्हणजे ७६ मिलिमीटर भरायला हवी. कमी भरली तर बदला. ताणू नका. ताणलेली स्प्रिंग थोड्या दिवसांत पुन्हा आखडते आणि किती आखडली ते कोणालाच कळत नाही. मग कपासारखा व्हॉल्व्ह आतून लाकडी काडीने दाबून ओढून काढा. त्याच्या टोकावर सीटला टेकल्याची चमकदार रेघ दिसते. ती सलग गोल असेल तर ठीक. कुठे तुटलेली, कुठे रुंद असेल, किंवा अंगावर उभे ओरखडे असतील तर तो वाकडा बसतोय. नवा व्हॉल्व्ह लावा, निळी शाई लावून सीटचा ठसा घ्या, आणि गरज वाटली तरच बारीक ग्राइंडिंग पेस्टने हलक्या हाताने बसवा. पेस्ट एकूण एक पुसून काढा. इथे डोळ्यांत तेल घालून काम करायचं, कारण ती वंगणात गेली तर पुढे बेअरिंगच घासेल.

हे काम तासाभराचं आहे. इथपर्यंत गेज, ऑइल, फिल्टर आणि व्हॉल्व्ह झाले, आणि इंजिन अजून खोललेलं नाही. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त गाड्या इथेच घरी जातात.

आकडे तरीही सुधारले नाहीत, तर मग संप काढायचा. एमजीबीत तो इंजिन गाडीतच ठेवून निघतो, पण माउंट सैल करून पुढून इंजिन थोडं उचलावं लागतं. घाई केली की गॅस्केट फाटतं. संप निघाला की आधी तळाचा गाळ बघा. त्यातून चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं ते पोलाद. चिकटत नाहीत पण चमकतात ते कण बेअरिंगचे. पंपाची जाळी धुवा. या इंजिनाचा पंप रोटरचा असतो. झाकण काढून सरळ पट्टी आणि फीलर गेजने रोटर आणि झाकणामधली फट मोजा. ती ५ थाऊच्या वर नको. दोन रोटरच्या लोबमधली ६ च्या वर नको. बाहेरचा रोटर आणि बॉडी यांच्यात १० पर्यंत चालते. नुसती पहिलीच फट जास्त असेल तर बॉडीचा चेहरा सपाट घासून पंप वाचवता येतो. एक गंमत बघा: पंप सतत ऑइलमध्येच राहतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी झिजतो, आणि तरी लोक सगळ्यात आधी तोच बदलतात.

मग एकेक कॅप उतरवून बेअरिंग बघायची. कॅपवर आधी खूण करा, त्यांची अदलाबदल चालत नाही. राखाडी थर सगळीकडे सारखा असेल तर बेअरिंगला दुखवू नका. खालचा तांब्याचा रंग उघडा पडला असेल तर तिचं आयुष्य संपलं. प्लास्टिगेजची, म्हणजे दाबली की फटीनुसार चपटी होणारी, तार ठेवून, कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळून फट मोजा. क्रँक फिरू देऊ नका, नाहीतर तार फासली जाते आणि माप खोटं येतं. जर्नल मायक्रोमीटरने दोन दिशांना मोजा. तो अंडाकृती झाला असेल तर नवी बेअरिंग घालून चार महिने काढता येतात, त्यापलीकडे नाही. त्याला ग्राइंडिंगच लागतं.

एक जागा जवळजवळ सगळे विसरतात: कॅमशाफ्टचे बुश. क्रँक ग्राइंड करून, सगळी बेअरिंग नवी घालून, नवा पंप लावून बांधलेलं इंजिन गरम आयडलला १२ दाखवतं तेव्हा बहुतेक वेळा गुन्हेगार तेच निघतात. ते संप काढून दिसत नाहीत. त्यासाठी इंजिन खाली उतरवावंच लागतं. आणि याहून एक विचित्र शक्यता माझ्याच हातून घडलीय. ब्लॉक धुण्यासाठी मी ऑइल गॅलरीचे, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे, प्लग काढले आणि एक परत लावायचा राहिला, तोही टायमिंग कव्हरच्या आत. इंजिन सुरू झालं, चाललं, बाहेर थेंबभर गळती नाही, आणि प्रेशर जेमतेम १५. ऑइल आतल्या आत संपमध्ये पडत होतं. दोन आठवडे मी पंपाला शिव्या देत होतो. तेव्हापासून इंजिन बांधून संप लावण्याआधी मी बाहेरून दाब दिलेल्या टाकीतून गॅलरीत ऑइल सोडतो आणि खालून बघतो. चांगल्या बेअरिंगमधून ते थेंब थेंब पडतं. जिथे धार लागते तिथे दोष. तुमच्या गाडीत गेल्या वर्षभरात कोणी इंजिनाला हात लावला असेल, तर हा मुद्दा लक्षात ठेवा.

जाड ऑइलबद्दल माझं मत: ते खोटं बोलायला शिकवतं. काटा वर येतो कारण ऑइलला फटीतून जायला वेळ लागतो, पण फट तेवढीच राहते. शिवाय थंड सकाळी ते व्हॉल्व्ह उघडून परत संपमध्ये पडत राहतं आणि रॉकरपर्यंत उशिरा पोचतं. झीज नेमकी याच क्षणांत जास्त होते. इंजिन पुढच्या वर्षी खोलायचंच ठरलंय आणि तोपर्यंत कधीमधी चालवायचंय, एवढ्यापुरतं मी ते मान्य करेन.

मग १० पीएसआयवर गाडी चालवावी का? हे इंजिनातून ठोके ऐकू येतात का यावर अवलंबून आहे. बेअरिंगमधली ऑइलची पातळ फिल्म शाफ्टच्या फिरण्यानेच तयार होते, आणि तिच्यातला दाब पंपाच्या दाबाच्या कितीतरी पट असतो. पंपाचं काम फक्त तिला ऑइल पुरवत राहणं. आयडलला इंजिनावर भार नसतो, म्हणून १० पुरतात. दर १००० आरपीएमला १० पीएसआय हा जुना अंदाज मी अजून धरतो. त्या हिशेबाने ३००० ला ३० हवेत, तुमच्याकडे ४५ आहेत. पण सगळ्या जुन्या इंजिनांना हा हिशेब लावू नका. फोर्ड मॉडेल टी मध्ये ऑइल पंपच नव्हता, फ्लायव्हील ऑइल उडवायचं आणि मग ते आपल्या वजनाने खाली उतरत बेअरिंगपर्यंत पोचायचं. जे इंजिन ज्या पद्धतीसाठी बनलंय, त्याचं मॅन्युअल शेवटचं.

चढावर भार देताना खोल, जड ठोका ऐकू आला तर तो मेनचा. पाय अर्धवट सोडताना हलका, टणक ठोका आला तर बिग एंडचा. एकेका सिलिंडरच्या प्लगची वायर काढून बघा. ज्याची काढल्यावर आवाज कमी होतो, त्याच्या रॉडचं बेअरिंग गेलंय. असा ठोका असेल, किंवा काटा चालत्या गाडीत अचानक शून्यावर गेला, तर पुढचा कोपराही गाठायचा नाही. इग्निशन बंद, गाडी बाजूला. शून्य प्रेशरवर चालवलेला एक किलोमीटर बेअरिंगच्या कामाचं क्रँकच्या कामात रूपांतर करतो.

बेअरिंग किंवा पंप बदललात तर पहिल्यांदा सुरू करताना कोरडं सुरू करू नका. पंपाच्या रोटरमधली जागा पेट्रोलियम जेलीने भरा, नाहीतर तो हवाच घोटत बसतो. प्लग काढून स्टार्टरने थोडं थोडं फिरवा, काटा हलेपर्यंत. मग प्लग लावा आणि सुरू करा.

सध्या तुमच्याकडून मला हवेत ते फक्त चार आकडे, दुसऱ्या गेजवरचे, आणि ऑइलच्या डब्यावरची ग्रेड. ते लिहा, मग संप काढायचा की नाही ते ठरवू.